कार्तिकातलं ऊन

आई गच्चीवर पापड्या घालत होती. नोव्हेंबर संपत आला होता, गावात तुळशीची लग्नं लागत होती, आणि आमच्या मातोश्री डोक्याला ओला पंचा गुंडाळून जुन्या धुवट साडीवर तांदळाच्या पापड्या पसरत होत्या. मी ड्यूटीवर निघाले होते. अंगणातूनच ओरडले, "आई, डोकं ठिकाणावर आहे ना? वाळवणं चैत्रात करतात. हा कार्तिक चाललाय!"

वरून उत्तर आलं, "उन्हाला सांग की तसं. मला कशाला सांगतेस?"

हे दोन हजार पंधरा सालातलं. आमचं घर डहाणूजवळ, आगरला. घरामागे चिकूची लहानशी वाडी. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. लग्न मी केलं नाही. आईच्या मते माझ्या तोंडामुळे झालं नाही. नोकरी तलासरीच्या बाजूला, आरोग्यसेविकेची. पाड्यापाड्यांतून हिंडायचं, ताप आलेली माणसं शोधायची, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि पट्टी तपासायला पाठवायची. थंडीला आमच्याकडे हीव म्हणतात, आणि हीव भरून येणाऱ्या तापाला हिवताप. वीस वर्षं मी हिवताप शोधला. माणूस दारात आडवा दिसला की त्याच्या कण्हण्यावरून मी ओळखते, अशी माझी ख्याती होती. ख्याती कसली, मीच सांगत सुटायचे.

त्या वर्षी ऑक्टोबर तापला त्याचं कुणाला काही वाटलं नाही. ऑक्टोबर तापतोच. पण दसरा गेला, दिवाळी आली, पहिल्या आंघोळीला कुणी कढत पाणी मागेना. आईनं उटणं लावलं तर ते घामानंच वाहून गेलं. भाऊबीज झाली तरी पंखा पाचवर. दरवर्षी दिवाळीनंतर मी तलासरीच्या जीपमध्ये शाल गुंडाळून बसते, आशागड ओलांडेपर्यंत नाक गार पडतं. त्या वर्षी आशागड येईपर्यंत पाठ भिजून सीटला चिकटायची. आमच्या जीपमध्ये एक गुजराती शिक्षक असायचे. ते रोज चढल्या चढल्या एकच वाक्य म्हणायचे, "उनाळो पाछो आयो, बेन!" उन्हाळा परत आला. पहिल्या दिवशी सगळे हसलो. आठवड्यानंतर कुणी हसेना, पण ते म्हणायचे थांबले नाहीत.

स्टेशनबाहेर स्वेटरवाला आला होता. ढीगभर लोकर मांडून स्वतः बनियनवर बसलेला, पुठ्ठ्यानं वारा घेत. मला भारी गंमत वाटली. "काय हो, गिऱ्हाईक?" विचारलं तर म्हणाला, "ताई, लोक हात लावूनसुद्धा बघत नाहीत. हात लावला की घाम येतो म्हणतात."

सगळ्यांना धक्काच बसला होता, पण त्या धक्क्याची भीती कुणालाच वाटत नव्हती. उलट कित्येकांना बरंच वाटत होतं. चिंचणीहून सुकट घेऊन येणारी कोळीण आमच्या ओट्यावर टेकून सांगायची, "बाय गो, बोंबील दोन दिसांत खडखडीत! असा कार्तिक जन्मात नाय पायला." चिकूवाल्यांची मात्र तारांबळ. आज उतरवलेला चिकू उद्या मऊ. आमच्या वाडीत काम करणारी मावशी पाटीतले चिकू दाबून दाबून बघायची आणि मान हलवायची. ही मावशी वारली समाजातली, आईच्याच वयाची. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्याकडे. आईला ती मोठी बाय म्हणायची आणि मला नुसतं बाय.

आई तर हरखूनच गेली होती. दरवर्षी एप्रिलात माझी लसीकरणाची धावपळ असते, तिला पापड्या घालायला, उचलायला हाताखाली कुणी मिळत नाही. इथे तर ऊन दारात चालून आलेलं. "वाहत्या गंगेत हात धुवून घ्यावेत," ती म्हणाली. "वर्षाच्या पापड्या होऊन जातील. एप्रिलात मी आहे की नाही कुणास ठाऊक."

"असं बोललीस ना, तर पापड्यांना हात लावणार नाही मी," मी म्हटलं.

"तू एरवी तरी कुठे लावतेस?"

असं आमचं चालायचं.

त्याच दिवसांत, पापड्यांच्या आठवडाभर आधी, मी एका पाड्यावर फेरीला गेले होते. प्रत्येक पाड्यावर पंधरा दिवसांनी आमची फेरी असते. दुपारचे दोन वाजले असतील. ऊन इतकं की डोक्यावर घेतलेला पदर पोळत होता. एका झोपडीच्या ओट्यावर एक म्हातारा पडला होता. दिवाळीनंतर गवत कापायचा हंगाम असतो. तो सकाळपासून माळावर गवत कापत होता, तिथून लोकांनी त्याला आणून टाकला होता. त्याची सून बाजूला उकिडवी बसलेली. म्हातारा कुडकुडत होता. कोरड्या अंगाला हात लावला तर चटका बसला. थर्मामीटर लावलं, पारा एकशे चारच्या वर.

"थंडी वाजते का, बाबा?"

"हां," म्हातारा पुटपुटला. "हीव भरलाय."

झालं. मला आणखी काय हवं होतं? बोट टोचलं, थेंब घेतला, पट्टीवर पसरला. तापाची गोळी काढली. सून तांब्या घेऊन उभी राहिली. मला वाटलं गोळीसाठी पाणी आणलंय. पण ती म्हणाली, "बाय, त्याच्या आंगावर पानी वतू का? लय तापलाय."

माझं डोकंच फिरलं. उन्हात दोन तास पायपीट झालेली, पोटात काही नाही, त्यात ही. "हिवतापाच्या माणसावर गार पाणी? अगं, मारायचंय का त्याला?" मी तिच्यावर खेकसले. "पांघरूण घाल. गोधड्या आहेत ना? घाल सगळ्या. घाम सुटला की ताप उतरेल."

ती एवढीशी झाली. तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन गोधडी घेऊन आली. ती मी स्वतःच्या हातानं म्हाताऱ्याच्या गळ्यापर्यंत ओढली. पुढच्या घराकडे निघताना मागे वळून बजावलंसुद्धा, "काढू नकोस हां!"

चार दिवसांनी पट्टीचा निकाल आला. निगेटिव्ह. रक्तात हिवताप नाही. मी रजिस्टरात लिहिलं आणि पान उलटलं. निगेटिव्ह म्हणजे पुन्हा जायची गरज नाही. रोज इतक्या पट्ट्या निगेटिव्ह येतात, कोण विचार करत बसतं?

तर पापड्यांचा तो दिवस. मला तालुक्याला मीटिंग होती. ती लवकर आटोपली आणि मी दुपारी अडीचलाच घरी आले. ओट्यावर चपला काढल्या, हाक मारली, ओ नाही. आई पुढच्या खोलीत खाटेवर मुटकुळं करून पडली होती. पंचा अजून डोक्याला, पण सुकून कडक झालेला. हातांना पिठाचं पाणी लागून तेही वाळलेलं.

"आई?"

"पंखा बंद कर," ती म्हणाली. "थंडी वाजतेय मला."

मी कपाळाला हात लावला. तवा. हात आपोआप मागे आला. पण छाती धडधडली वगैरे काही नाही, खरं तेच सांगते. उलट मनातल्या मनात मी म्हटलं, बघ, आता घरातच हिवताप आला. आजूबाजूला चिकूच्या वाड्या, पाण्याचे हौद, डासांना काय तोटा? पंखा बंद केला. खिडकी लावली, वारा नको म्हणून. कपाटातली मोठी गोधडी काढली, वर माझी शाल. दरवर्षी जीपमध्ये गुंडाळते तीच, त्या वर्षी पहिल्यांदा बाहेर निघाली. मग पिशवीतून सुई काढली, आईचं बोट धरलं आणि टोचलं. आई एरवी सुईला केवढी घाबरते! त्या दिवशी तिनं साधं हूं केलं नाही. मला वाटलं, ग्लानी आहे तापाची.

मी पट्टी वाळवत होते तेवढ्यात मावशी वाडीतून आली. पाणी प्यायला आली असेल. दारातूनच तिनं बघितलं आणि पाटी टाकून आत आली. आईच्या गालाला पालथा हात लावला, मग गोधडीखाली हात घालून काखेत. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, हिला हीव नाय. ऊन लागलाय."

"मावशी, मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "वीस वर्षं झाली मला यात. थंडी वाजतेय तिला."

"वाजते. ऊन लागला तरी वाजते. गवतावर किती जनांना बघलाय मी. घाम कुठं हाय बघ. जरा पन नाय."

"कार्तिकात ऊन लागतं का कुणाला?"

हे वाक्य माझंच. त्या खोलीत, चारही बाजूंनी भट्टीसारखी हवा कोंडलेली, माझा स्वतःचा ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि मी ठणकावून विचारते आहे, कार्तिकात ऊन लागतं का कुणाला! एका हातात सुई, दुसऱ्या हातात काचपट्टी. आजही ते आठवलं की कान तापतात.

तेवढ्यात आई बोलली. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत, भिंतीकडे. "पाऊस आला," ती म्हणाली. "पापड्या उचला. अगं पोरींनो, धावा, पाऊस आला." बाहेर रणरणतं ऊन. मी हात धरला तर तिनं झिडकारला आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?"

मला कोण म्हणून विचारणारी माझी आई!

मावशीनं माझी वाट बघितली नाही. गोधडी ओढून जमिनीवर फेकली, शाल फेकली. खिडकी उघडली, पंखा लावला. मोरीतून भरलेला हंडा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि सगळाच्या सगळा आईच्या अंगावर ओतला. खाट, गादी, जमीन, सगळीकडे पाणीच पाणी. मी किंचाळले, "अगं मारशील तिला!" आणि मावशीच्या दंडाला धरून मागे खेचलं. त्या बाईनं आयुष्यात मला कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती. ती माझ्यावर ओरडली, "मारतेस तू! सोड! पानी आन!"

मी पाणी आणलं. आणत राहिले. घागर, बादली, कळशी, जे हाताला लागेल ते. मावशी ओला पंचा काखेत, मानेवर, पायांवर फिरवत होती आणि मी सुपानं वारा घालत होते. माझं तोंड पहिल्यांदाच बंद होतं. शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारून आईला आम्ही ओल्या साडीतच डहाणूच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर मावशी तिच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडत होती.

डॉक्टर तरुण होते. सलाईन लावलं, बर्फ मागवला. माझ्याकडे बघून विचारलं, "ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेतात का या? लघवी वाढवणाऱ्या?" मी हो म्हटलं. "अंगातलं पाणी आटलं होतं. त्यात सकाळपासून गच्चीवर. ताई, हा उष्माघात आहे. मलासुद्धा आश्चर्य वाटतंय, या महिन्यात मी पहिलीच केस बघतोय. पाणी ओतायचं कुणाला सुचलं? त्याच पाण्यानं वाचल्या या. आणखी अर्धा तास तशाच राहिल्या असत्या, तर काही खरं नव्हतं."

मी मावशीकडे बोट दाखवलं. मावशी दाराशी जमिनीवर बसली होती, तिचंही लुगडं ओलंचिंब. गोधडी कुणी घातली, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. मावशीनंही सांगितलं नाही.

रात्रीपर्यंत आईनं मला ओळखलं. ओळखल्यावर पहिला प्रश्न, "पापड्या उचलल्या का?" मी हसले आणि मग इतकी रडले की नर्सनं मला बाहेर काढलं. पापड्या अजून गच्चीवरच होत्या. दुसऱ्या दिवशी मावशीनं डब्यात भरल्या. एकीलाही चीर नव्हती, इतकं चांगलं ऊन.

तिसऱ्या दिवशी आई घरी आली. मी लांबलचक रजा टाकलेली. तिला पेज भरवत होते. ती सुधारली होती आणि मावशीची थट्टा करत होती, "माझी गादी बुडवलीस गं तू." मावशी म्हणाली, "मंग काय करू? वतला नसता तं तू ऱ्हाली नसती." वतला. वतू का. बाय, त्याच्या आंगावर पानी वतू का?

मी चमचा वाटीत ठेवला.

तोवर मला तो म्हातारा एकदाही आठवला नव्हता. वीस वर्षांच्या अनुभवाची बाई मी! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. गवत, दुपार, कोरडं अंग, कुडकुडणं, निगेटिव्ह पट्टी, सगळं माझ्याच रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलेलं. आईनं विचारलं, "काय झालं गं? चेहरा का असा झाला?" काही नाही म्हटलं. पेज संपवली. मावशीला म्हटलं, आज आईजवळ थांब. आणि जीप पकडली.

गुजराती शिक्षक गाडीत होतेच. "उनाळो," त्यांनी सुरुवात केली. मी त्यांच्याकडे कसं बघितलं कोण जाणे, वाक्य अर्धवट सोडून ते बाहेर बघू लागले.

जीपमधून उतरल्यावर पाड्यापर्यंत अर्ध्या तासाची वाट आहे. त्या वाटेवर मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. म्हातारी माणसं चिवट असतात, मी स्वतःला सांगत होते. गोधडी त्यानं स्वतःच फेकली असेल. सुनेनं माझं ऐकलं नसेल. आयुष्यभर मी पाड्यांवरच्या लोकांना ओरडत आले, तुम्ही आमचं ऐकत नाही, गोळ्या खात नाही, सांगितलेलं करत नाही. त्या दिवशी मी मनापासून मागणं मागितलं की तिनं माझं ऐकलं नसू दे.

झोपडीच्या कुडावर तीन गोधड्या वाळत घातल्या होत्या. ओटा रिकामा, शेणानं सारवलेला. सून आतून आली. मला बघून ती घाबरली नाही, उलट घाईघाईनं आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. तोच तांब्या. मी प्यायले. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं, "सासरे?"

"गेला," ती म्हणाली. "तू आलेलीस ना, त्याच सांजेला."

मी ओट्यावर बसले. ती समोर उकिडवी बसली आणि मला समजावून सांगू लागली, जणू मला हिशेब द्यायचा आहे. "तू सांगितलीस तसाच केला, बाय. आमच्याकं एकच गोधडी. मंग शेजारून दोन मागून आनल्या. तो काढून फेकायचा, मी परत घालायची. बसूनच होती मी त्याच्यापाशी. हात नाय हलवला तिथून." मग तिनं विचारलं, "आमचा काय चुकला, बाय?"

आता खोटं बोलता आलं असतं. म्हातारा होता, वेळ आली होती, असं पाड्यावर कुणीही मान्य केलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण घरी माझी आई पेज खाऊन बसली होती, आणि ती का बसली होती ते मला माहीत होतं.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "त्यांना हीव नव्हतं. ऊन लागलं होतं. तू पाणी ओतणार होतीस तेच बरोबर होतं. माझं चुकलं."

तिला ते लगेच कळलं नाही. कुडावरच्या गोधड्यांकडे तिनं एकदा बघितलं, मग माझ्याकडे. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, दगड उचलला असता तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी साध्या आवाजात, खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखं म्हणाली, "मंग तवा मला कशाला अडवलीस, बाय?"

ऊन अजून तसंच होतं. सारवलेल्या ओट्यावर हात टेकवत नव्हता.

"कार्तिक होता ना गं," मी म्हटलं.